रात्री लावलेली गाडी सकाळी अर्धीच भरलेली: चार्जिंग मध्येच का तुटतं?

रात्री दहाला गाडी चार्जिंगला लावली, ॲपवर हिरवं दिसलं, निश्चिंत झोपलात. सकाळी ऑफिसला निघताना बघावं तर बॅटरी ४१ टक्के आणि चार्जरवर लाल दिवा. स्विच बंद-चालू केला की गाडी पुन्हा चार्ज व्हायला लागते, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. सोसायटीत आणि नात्यागोत्यात ज्यांनी ज्यांनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, त्यांतल्या बहुतेकांकडून ही तक्रार मी ऐकली आहे. माणूस आधी सर्व्हिस सेंटर गाठतो. तिथल्या चार्जरवर गाडी मुकाट चार्ज होते, ‘गाडीत काही दोष नाही’ म्हणून ती परत येते आणि घरी आल्यावर रात्री पुन्हा तुटते. दोष बहुतेक वेळा खरोखरच गाडीत नसतो. चार्जरमध्येही क्वचितच असतो. तो मीटरपासून सॉकेटपर्यंतच्या वायरिंगमध्ये असतो, आणि तिथे कुणी बघतच नाही.

म्हणून आधी एकच गोष्ट शोधून काढा: चार्जिंग किती वाजता तुटलं आणि लावल्यापासून किती वेळाने. ॲपमध्ये आधीच्या चार्जिंगची नोंद मिळते. मिळत नसेल तर तीन-चार रात्री कागदावर लिहा: लावल्याची वेळ, तेव्हाचे टक्के, तुटल्याची वेळ, दिव्याचा रंग, तो किती वेळा लुकलुकतो. गन (गाडीत खुपसायचं चार्जरच्या केबलचं टोक) लावताच पाच-दहा सेकंदांत नकार येतो? अर्ध्या-एक तासाने तुटतं? गाडी कधीही लावा, तुटतं मात्र रात्री दोन-अडीचलाच? की फक्त पावसात? यातल्या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. हा कागद हातात असला की वायरमनला अंधारात चाचपडावं लागत नाही.

लावताच नकार येत असेल तर आधी अर्थिंग बघा

चार्जर वीज सोडण्याआधी अर्थची तार खरंच जमिनीशी जोडलेली आहे का, हे तपासतो. गाडी रबरी टायरांवर उभी असते. आत कुठे गळती झाली तर ती वीज जमिनीत जायला अर्थच्या तारेशिवाय वाट नाही, आणि ती वाट नसेल तर दाराच्या कडीला हात लावणारा माणूस ती वाट होतो. म्हणून चार्जर अडून बसतो, आणि ते योग्यच आहे. ‘घरातला फ्रिज, गिझर, मिक्सर इतकी वर्षं चालतात, मग अर्थिंग नाही असं कसं?’ असं लोक विचारतात. ती सगळी यंत्रं अर्थिंग नसतानाही चालतात, फक्त सुरक्षित नसतात. अर्थिंग नाही हे बोलून दाखवणारं घरातलं पहिलं यंत्र म्हणजे हा चार्जर.

सॉकेटवर मल्टिमीटर लावून तीन आकडे घ्यायचे. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे काम जिवंत सॉकेटवर होतं, त्यामुळे हाताला सवय नसेल तर परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. आणि त्याला आवर्जून सांगा की लोड लावून मोज. लोडशिवाय घेतलेले आकडे हमखास फसवतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे गंजून एका धाग्यावर आलेली अर्थची तारही त्याला ठणठणीत २३० दाखवते. त्याच लाइनवर इस्त्री किंवा हीटर चालू करून शेजारच्या सॉकेटवर तेच तीन आकडे पुन्हा घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रलचं खरं चित्र दिसतं. अर्थची तार किती धड आहे हे मात्र अर्थ टेस्टरनेच कळतं.

न्यूट्रल-अर्थ आकडा लोडवर चढतो, त्याचं एक कारण साधी लांबी आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. मीटर रूमपासून तुमची पार्किंगची जागा ६० मीटर तार लांब असेल, तर १५ अँपिअर वाहताना एकट्या न्यूट्रलवर साडेसहा व्होल्टच्या वर पडतात. म्हणजे अर्थिंग उत्तम असूनही न्यूट्रल-अर्थ सात व्होल्टला जाऊन टेकतं, आणि थोडा हळवा चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून मोकळा होतो. हीच लाइन ६ चौरस मिलिमीटरच्या तारेने ओढली असती तर पावणेतीन व्होल्ट पडले असते. बिल्डरने पार्किंगमध्ये आधीच एक पॉइंट काढून दिलेला असतो, तो किती जाडीच्या तारेवर आहे हे कुणी विचारत नाही. विचारा.

दुसरी तक्रार ऋतूची. डिसेंबरात सगळं सुरळीत, एप्रिल-मे लागला की लाल दिवा, आणि पहिला मोठा पाऊस झाला की आपोआप बरं. हे अर्थिंगच्या खड्ड्याचं दुखणं आहे. धातूची प्लेट मीठ-कोळशात पुरलेला जुना खड्डा ओलाव्यावर जगतो. देशावरची आणि विदर्भातली काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, भेगाळते आणि प्लेटपासून सुटते. संपर्क गेला की रोध वाढतो. कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा: जांभा कडक, पाणी झटकन निथळून जातं, आणि चांगला अर्थ मिळायला एक खड्डा पुरतच नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघा. चार्जिंग सुरू झालं तर निदान झालं, पण हा उपचार नव्हे. वरच्या क्लॅम्पचा गंज घासून काढायचा, पट्टी आणि तार यांचा जोड नवा करायचा, गरज असेल तर काही अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही एकत्र जोडायचे, आणि काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्यायचा. ५ ओहमच्या आत आला तर काम झालं म्हणायचं. ‘साहेब, मी बल्ब लावून बघितला, मस्त पेटला’ यावर समाधान मानू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अर्थिंग नाही असं कळल्यावर काही वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एका तुकड्याने जोडून देतात. दोन मिनिटांचं काम, लाल दिवा जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. कृपा करून हे कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणापासून गाडीची बॉडी न्यूट्रलशी जोडलेली आहे. उद्या मीटर रूममध्ये किंवा खांबावर न्यूट्रल सुटला, आणि आपल्याकडे तो सुटतो, तर चार्जरमधून परत फिरणारी वीज थेट गाडीच्या पत्र्यावर येते. पूर्ण २३० व्होल्ट. ओल्या पार्किंगमध्ये अनवाणी खेळणारं पोर त्या गाडीला टेकलं तर काय होईल, ते लिहायला नको. वर आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर हा जुगाड बहुतेकदा टिकत नाही, ती सारखी ट्रिप होते, म्हणून मग तीही काढून टाकली जाते. म्हणजे संरक्षणाच्या दोन्ही भिंती एका दुपारी पाडल्या. सॉकेट उघडून असा तुकडा दिसला तर चार्जिंग त्याच दिवशी बंद करा. खरं अर्थिंग होईपर्यंत गाडी बाहेर चार्ज केलेली परवडते.

सोसायटीत जनरेटर असेल तर आणखी एक बघा. वीज गेली, लोड जनरेटरवर गेला आणि त्याच वेळी ‘अर्थ फॉल्ट’ आला, तर जनरेटरचा न्यूट्रल अर्थ केलेला नसण्याची शक्यता मोठी. ते काम सोसायटीच्या कंत्राटदाराचं. तोवर चार्जिंगचा पॉइंट जनरेटरच्या लाइनवरून काढून ठेवा.

अर्ध्या-एक तासाने तुटत असेल तर उष्णता

गिझरही १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, पण वीस मिनिटं. गाडी तेच आठ तास ओढते. आपले पॉवर प्लग, त्यांचे स्क्रू, त्यांच्या आतल्या पितळी पट्ट्या इतक्या लांब पल्ल्याच्या कामाची सवय नसलेल्या असतात. पिन आणि सॉकेट यांच्यातला संपर्क थोडा सैल झाला, रोध नुसता ०.१ ओहम झाला, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री साधारण २५ वॅटची असते. ती रात्रभर तुमच्या सॉकेटच्या आत चालू ठेवली आहे असं समजा.

चांगल्या पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, तो तापला की चार्जिंग थांबतं. म्हणून तुटण्याची वेळ ठरावीक दिसते: चाळीस मिनिटं, तास, फार तर दोन. चार्जिंग तुटल्या तुटल्या मेन बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात नेऊन बघा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवत नसेल तर सॉकेट उघडायची वेळ आली. असे सॉकेट उघडले की आत बहुतेकदा एकच दृश्य असतं: फेजच्या भोकाभोवती तपकिरी वर्तुळ, तारेचं लाल आवरण शेवटच्या इंचभरात कडक होऊन तडकलेलं, आणि स्क्रूला पेचकस लावला की तो अर्धा फेरा सहज फिरतो. जळक्या मासळीसारखा वास आधीपासून येत असतो, पार्किंगमध्ये तो कुणाच्या लक्षात येत नाही. तडकलेली तार मागे कापून नवी घ्या, टोकाला लग (तारेवर दाबून बसवायची धातूची टोपी) बसवा आणि सॉकेट बदला, घासून पुन्हा लावू नका. जुन्या इमारतीत ॲल्युमिनियमची तार असेल तर स्क्रू आवळण्याने काही साधत नाही. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड पुन्हा सैल होतो. तिथे गाडीसाठी तांब्याची स्वतंत्र लाइनच हवी. कायमचा उपाय म्हणून मी निळा इंडस्ट्रियल सॉकेट सुचवतो. त्याची पकड घट्ट असते आणि झाकण असल्याने धूळ-पाणी आत जात नाही.

प्लग थंड आहे, पण डीबीतला (वीज वाटपाच्या पेटीतला) एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, खाली पडलेला आहे, तर कथा वेगळी. एमसीबीवरचा १६ अँपिअरचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. अकोल्यात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवरच्या पत्र्याच्या पेटीत ५० अंश सहज होतात. तिथे १६ चा एमसीबी १५ अँपिअर तासन्‌तास पेलत नाही, आणि पडला तर तो त्याचं कामच करतो आहे. ‘२० चा टाका’ हे उत्तर बरोबर आहे, पण मागची तार किमान ४ चौरस मिलिमीटर असेल तरच. बारीक तारेवर मोठा एमसीबी टाकला तर एमसीबीऐवजी तार तापेल.

हे सगळं होईपर्यंत आजची रात्र काढायची असेल तर चार्जरमध्ये किंवा गाडीच्या सेटिंगमध्ये करंट कमी करण्याची सोय आहे का बघा. १५ वरून १० अँपिअरवर आणलं की जोडावरची उष्णता निम्म्याहून कमी होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. १० अँपिअरवरही आठ तासांत १८ युनिट ओढले जातात. रोज शहरात चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला ते पुरून उरतात.

एक्स्टेंशन बोर्ड नको. १५ अँपिअरचा प्लग ५ च्या सॉकेटात बसवणारा ‘पंधराचा पाच’ अडॅप्टर तर मुळीच नको.

ठरावीक घड्याळी वेळेला तुटत असेल तर व्होल्टेज

संध्याकाळी सात ते अकरा सगळ्यांचे एसी चालू असतात, व्होल्टेज पडतं. रात्री दोनला लोड उतरतो आणि ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरांत ते चढतं. चार्जरला वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा असतात, त्याच्या पुस्तिकेत त्या छापलेल्या आहेत. डीबीत बसणारा साधा डिजिटल व्होल्टमीटर बसवून घ्या आणि तुटण्याच्या वेळचा आकडा बघा. व्होल्टेज चढत असेल तर तक्रार महावितरणकडे, १९१२ वर. आकडा आणि वेळ दोन्ही सांगा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) किंवा फेजची विभागणी तपासायला त्यांना धागा मिळतो. शेजाऱ्यांचीही सही घेता आली तर उत्तम. स्वस्त स्टॅबिलायझर मध्ये घालण्याच्या भानगडीत पडू नका.

एक खूण मात्र लगेच ओळखायला हवी. घरात थ्री-फेज जोडणी आहे, गाडीचं चार्जिंग सुरू होताच एका खोलीतले दिवे मंद झाले आणि दुसऱ्या खोलीतले भगभगीत झाले, तर न्यूट्रल सुटतो आहे. मेन स्विच बंद करा आणि मगच फोन लावा. टीव्ही, फ्रिज जळतात ते अशाच वेळी.

फक्त पावसात

पावसात आरसीसीबी पडत असेल तर पाणी शोधा: गन लटकवायची जागा, भिंतीवरचा जंक्शन बॉक्स, पाइपचं उघडं तोंड. गन नेहमी तोंड खाली करून आणि टोपण लावून ठेवावी. कारण सापडलं नाही तर हे बघा की अख्ख्या घराला एकच ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का. जुना गिझर थोडा गळतो, वॉशिंग मशीन थोडं, गाडीच्या चार्जरच्या फिल्टरमधूनही थोडा करंट अर्थमध्ये जातो, आणि पावसाळ्यातल्या ओलीने बेरीज पुरी होते. गाडीला स्वतंत्र आरसीसीबी द्या, आणि ती ‘टाइप ए’ मागा. जुनी ‘टाइप एसी’ गाडीच्या बाबतीत भरवशाची नाही, कारण डीसी गळतीने ती आंधळी होऊ शकते. कोकणात वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की गन काढून ठेवा, सर्ज प्रोटेक्टर असला तरी.

कधी कधी बिघाड नसतोच

चार्जिंग दर वेळी नेमकं ८० टक्क्यांवर थांबत असेल तर गाडीतली मर्यादा बघा. पहाटे ठरावीक वेळेला थांबत असेल तर गाडीतला टायमर बघा, आणि चार्जरच्या ॲपमधलाही, कारण दोघांत वेगळी वेळ लावली असेल तर दोघं एकमेकांना अडवतात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीने चार्जिंगच नाकारलं तर १२ व्होल्टची लहान बॅटरी उतरलेली असू शकते. मोठी बॅटरी भरलेली असली तरी आतले संगणक जागे होतात ते या लहान बॅटरीवर.

ऑफिसमध्ये ‘२२ किलोवॅट’ लिहिलंय, मिळतात सात

इथे चार्जरला दोष देऊ नका. एसी चार्जर फक्त वीज पुरवतो, बॅटरीत भरण्याचं काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. तो ७.२ किलोवॅटचा असेल तर समोर २२ चा असला तरी तुम्हाला सातच मिळणार. २०२० च्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॅटचा होता, तिला घर आणि ऑफिस सारखंच.

खरा बिघाड वेगळा असतो. सकाळी दोन गाड्या लागतात तोवर ठीक, तिसरी लागली की सगळ्यांचंच जातं. अशा ठिकाणी चार्जर बसवताना आर, वाय, बी या तीन फेजांपैकी प्रत्येकाचा पहिला फेज एकाच आर फेजवर जोडलेला असतो. सिंगल-फेज गाड्या तो एकच फेज वापरतात, त्यामुळे आर वर सगळा भार आणि वाय-बी रिकामे. दुसऱ्या चार्जरला वाय आणि तिसऱ्याला बी पहिला दिला की प्रश्न मिटतो. ॲडमिनला सांगताना ‘चार्जर खराब आहे’ म्हणू नका, ‘फेज फिरवून जोडा’ असं सांगा. चार्जर आपसांत लोड वाटून घेणारे असतील तर गर्दीच्या वेळी वेग कमी होणं स्वाभाविक आहे, तो दोष नव्हे.

सोसायटीत किंवा लहान ऑफिसात मंजूर भारच अपुरा असेल तर वेगळी जोडणी मागा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागता येते. घरच्या मीटरवरच गाडी लावली तर युनिट वरच्या टप्प्यात जातात, म्हणून दोन्ही बिलांचा हिशेब आधी मांडून बघा.

बाहेरचा फास्ट चार्जर सुरूच होत नाही

ॲप, ओटीपी, वॉलेट या भानगडीत शिरण्याआधी चार्जरवरचं लाल छत्रीसारखं आणीबाणीचं बटण बघा. कुणीतरी दाबून ठेवलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की ते बाहेर येतं आणि चार्जर जागा होतो.

सीसीएस-२ ची (फास्ट चार्जिंगच्या नेहमीच्या प्लगची) गन लावली की चार्जर आणि गाडी आधी आपसांत बोलतात, मग केबलचं इन्सुलेशन तपासलं जातं आणि त्यानंतरच वीज सुटते. यातल्या पहिल्याच टप्प्यावर जास्तीत जास्त वेळा तुटतं, आणि त्याचं कारण बऱ्याचदा केबलचं वजन असतं. गन खाली झुकते, वरच्या बाजूच्या बारीक पिनांचा संपर्क सुटतो. गन दोन्ही हातांनी वर उचलून, आत दाबून धरा आणि तशीच धरून ॲपवर सुरू करा. कुलूप बसल्याचा ‘खट्’ आवाज आल्यावर हळूच सोडा. तरी जमलं नाही तर ॲपमधून सेशन संपवा, गन काढा, गाडी लॉक करून दोन मिनिटं थांबा आणि शक्यतो दुसऱ्या गनवर प्रयत्न करा. त्याच गनवर लागोपाठ दहा वेळा झटण्यात वेळ जातो आणि वॉलेटमधले पैसे अडकतात.

वेग कमी मिळाला तर शेजारच्या गनवर गाडी आहे का बघा. ६० किलोवॅटचा दोन गनांचा चार्जर असेल तर बहुतेकदा ३०-३० वाटून मिळतात. भर उन्हात घाट चढून आलात तर बॅटरी तापलेली असते आणि गाडी स्वतःच वेग आवरते. ८० टक्क्यांनंतर तर तो उतरणारच, तिथे तासभर बसण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर भरणं शहाणपणाचं, आणि मागे उभ्या असलेल्यालाही गन लवकर मिळते.

गन अडकली तर ओढू नका. गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा, सेशन खरंच संपलं आहे का बघा. काही गाड्यांत कुलूप हाताने सोडायची दोरी बॉनेटखाली किंवा डिकीत असते. तिची जागा मॉडेलनुसार बदलते, म्हणून गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान घरी असतानाच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. घाटात नेटवर्क मिळेलच असं नाही.

तक्रार करायची वेळ आली तर चार्जरवरचा क्रमांक, एरर कोडचा फोटो, वेळ, तेव्हाचे बॅटरीचे टक्के आणि दुसऱ्या गनवर काय झालं, एवढं एकाच मेसेजमध्ये पाठवा. घरच्या चार्जरसाठी यात लोडवर घेतलेले तीन व्होल्टेजचे आकडे आणि सॉकेटचा आतला फोटो जोडा.